सांगून जायचं

"मावशी, आज बटण कोण दाबणार?"

झोक्यावर बसलेल्या शालूने मान वळवून विचारलं आणि झोका देणारा माझा हात तिथेच थांबला.

"कसलं बटण गं?" मी वेड पांघरून पेडगावला निघाले.

"लिफ्टचं. आईने बूट घातलेत. आई बाहेर चाललीय. मग तिला दही कोण देणार? बटण कोण दाबणार?"

औरंगाबादला, गारखेड्यातल्या त्या छोट्या बागेत सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. संक्रांत नुकतीच झाली होती. शालूच्या फ्रॉकच्या खिशात अजून हलव्याचे दाणे होते आणि ती ते एकेक काढून चोखत होती. रस्त्याच्या पलीकडे तिची इमारत दिसत होती. तिथे चौथ्या मजल्यावर तिची आई मोठ्या बॅगेची चेन लावत असणार, आणि थोड्याच वेळात खाली टॅक्सी येणार होती. टॅक्सी निघून जाईपर्यंत शालूला बागेत रमवून ठेवायचं, एवढंच माझं काम होतं. आदल्या दिवशी मला ते नीट समजावून सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती.

सांभाळणाऱ्या बाईने सांगितलेलं करावं, तिने विचार कशाला करायचा, असं मला आजवर पुष्कळांनी ऐकवलं आहे. त्यांना मी सांगत आले आहे की लेकरू सांभाळायचं तर डोकं घरी ठेवून येता येत नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी आपलं लेकरू आपणच सांभाळावं.

मी चंद्रकला. मूळची बीडकडची, शिरूरजवळच्या एका वस्तीवरची. दहावीपर्यंत शिकले, लग्न होऊन औरंगाबादला आले आणि नवऱ्याची कंपनी बंद पडल्यावर लोकांची लेकरं सांभाळायला लागले. तोंडाने फटकळ आहे, हे मीच आधी सांगून टाकते, नाहीतर लोक सांगतातच. शालूच्या घराआधी मी बरीच घरं केली होती आणि त्या सगळ्या घरांत माझं नाव एका गोष्टीसाठी होतं. लेकराला चुकवण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आई कामाला निघाली की लेकरू पायाला मिठी मारतं. अशा वेळी मी त्याला गॅलरीत नेऊन काऊ दाखवायचे, नळाखाली वाटी धरायला लावायचे, कणकेचा गोळा हातात द्यायचे. तेवढ्यात आई चपला हातात घेऊन दाराबाहेर. लेकराच्या हातावर तुरी दिल्या की झालं. ते वळून बघेपर्यंत लिफ्ट खाली पोचलेली असायची. आया खूश, सासवा खूश, मीही खूश.

हेमांगीवहिनींनी, म्हणजे शालूच्या आईने, पहिल्याच दिवशी माझ्या या कसबावर पाणी ओतलं.

"कलाताई, एक गोष्ट आधीच सांगते. शालूला चुकवून जायचं नाही. मी रोज तिला सांगून जाणार."

"रडंल की ती."

"रडू दे."

"वहिनी, लई रडंल. तुम्ही निघून जाल, ऐकायला मी हाय."

"म्हणून तर आधी विचारतेय. रडणं ऐकायची तयारी असेल तरच या. मुलगी शांत राहावी म्हणून मी तिला फसवणार नाही. आई कुठे गेली हे तिला माहीत असलं पाहिजे."

झालं, पुस्तकातली आई गाठ पडली, मी मनात म्हटलं. कपाटात तसली पुस्तकं होतीच, इंग्रजीतली, जाडजूड. आणि घरात दुसरं विद्यापीठही होतं: वहिनींच्या सासूबाई. त्यांना मी शालूसारखंच आजी म्हणायचे. आजींनी तीन मुलं वाढवली होती, तीही एकही पुस्तक न उघडता. "लेकराला जेवढं सांगाल तेवढं ते रडतं," असं त्यांचं म्हणणं. "आई डोळ्याआड झाली की पोर खेळायला लागतं. उगाच दारात उभं राहून निरोप कसले घ्यायचे? आणि रडवून ही जाते ऑफिसला, मागे सांभाळायचं कुणी?" मी मनातून पूर्णपणे आजींच्या पक्षाची होते.

पहिल्या आठवड्यात शालूने इमारत डोक्यावर घेतली. मग वहिनींनी एक युक्ती काढली. घराबाहेर पडणाऱ्याच्या हातावर दही घालायची आजींची पद्धत होती. वहिनींनी ती वाटी उचलून शालूच्या हातात दिली.

"शालू, आजपासून तू दही घालायचं. तू घातल्याशिवाय आई जाऊच शकत नाही."

मग रोजचं ठरून गेलं. शालूने चमच्याने आईच्या तळहातावर दही घालायचं. आईने ते खाऊन, शालूचं बोट धरून लिफ्टपाशी जायचं. शालूने टाचा उंचावून लिफ्टचं बटण दाबायचं. लिफ्ट आली की आईने म्हणायचं, "येते गं." आमच्याकडे निघताना कुणी जाते म्हणत नाही. जाणारा येतोच म्हणतो, मग तो दहा वर्षं तोंड दाखवणार नसला तरी. दार बंद झालं की शालू थोडा वेळ हुंदके द्यायची, माझ्या पदराला नाक पुसायची आणि खेळायला पळायची.

दिवस गेले तसं माझ्या ध्यानात यायला लागलं. ही पोरगी दिवसभर दाराकडे बघत नव्हती. मी चुकवलेली लेकरं मला आठवायला लागली. ती जरा दार वाजलं की दचकायची. मी मोरीत गेले तरी बाहेरून दार बडवायची, माझा पदर मुठीत धरून झोपायची. तोवर मी समजत होते की ती लेकरंच चिकट. आता कळलं की आपण पाठ फिरवली की माणूस नाहीसं होतं, हे त्यांना आम्हीच शिकवलं होतं. शहाणपण वहिनींचं होतं आणि मी ते त्यांच्याकडून उचललं. चांगली गोष्ट कुणाकडूनही घ्यावी, मग ती पुस्तकातली का असेना.

शालूला चौथं लागलं आणि वहिनींना बँकेत बढती मिळाली. बढतीबरोबर बदली, ती थेट गुवाहाटीला. नाही म्हटलं असतं तर पुढची कैक वर्षं त्याच खुर्चीत बसावं लागलं असतं. शिरीषदादांची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची नोकरी इथली. शेवटी असं ठरलं की वहिनींनी पुढे जायचं, तिथे बस्तान बसलं की वर्षाने शालूला न्यायचं. तोवर शालू बाबा, आजी आणि माझ्याजवळ. शेजारच्या बाया जिन्यात कुजबुजायला लागल्या, "पोरीला टाकून चालली." बाप्याची बदली झाली की पेढे वाटता, बाईची झाली की जिन्यात जमता का, असं मी त्यांच्या तोंडावर विचारलं. तेव्हापासून त्या मला बघून दार लावायच्या. लावोत.

पण निघायच्या आदल्या दिवशी दुपारी वहिनी स्वयंपाकघरात माझ्याजवळ आल्या आणि ओट्याकडे बघत म्हणाल्या, "कलाताई, उद्या सकाळी शालूला बागेत न्या. टॅक्सी गेल्यावरच परत आणा."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे? तुम्ही तिला अजून सांगितलं न्हाई?"

"नाही."

"आज सांगणार?"

"नाही सांगणार."

"वहिनी, तुम्हीच म्हणलात ना की..."

"मला माहितेय मी काय म्हणाले होते!" त्या एकदम ओरडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तेव्हा मी ऑफिसला जात होते हो. संध्याकाळी परत येत होते. हे तसं नाही. तिने माझा पाय धरला तर मी जाऊ शकणार नाही. मी स्वतःला ओळखते."

"मग तिला काय सांगायचं?"

"सासूबाई म्हणतातच ना, चार दिवस विचारेल, मग विसरेल. तुम्ही म्हणा, उद्या येणार आहे. रोज म्हणा, उद्या."

मी भांडायलाच वळले. पण समोरची बाई पदराने डोळे पुसत होती. रडणाऱ्या माणसाशी मला वाद घालता येत नाही. मी मान डोलावली.

आणि आता ही पोरगी झोक्याच्या साखळ्या धरून मला विचारत होती, बटण कोण दाबणार.

"सांग ना मावशी."

मी तोंड उघडलं. 'आई कुठं चाललीय, आई तर घरीच हाय,' एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, वर्षानुवर्षं घोटलेलं. पण आज विचारणारी ही पोरगी संध्याकाळीही मलाच विचारणार होती, उद्याही, परवाही. खोटं मोठ्यांनी ठरवलं होतं आणि बोलायचं मात्र माझ्या तोंडाने होतं. मला त्या घरादाराचा असा संताप आला की काय सांगू. नाही बोलायचं, मी ठरवलं. पोरीला त्यांनी फसवावं, पण माझ्या तोंडाने नाही.

"उतर खाली," मी म्हटलं. "बटण तूच दाबायचंस. चल."

रस्ता ओलांडताना टॅक्सी फाटकातून आत वळताना दिसली. मी शालूला कडेवर घेतलं आणि पळतच सुटले.

चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर समोर सगळे उभे. शिरीषदादांच्या हातात बॅग, आजींच्या हातात दह्याची वाटी, वहिनींचा तळहात पुढे केलेला.

शालू माझ्या कडेवरून सरसर खाली उतरली. "दही मी घालणार!"

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. "कलाताई, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"बागेत न्या म्हणलात, नेलं. आता परत आणलं."

"पण का? का आणलंत?"

"तिनं इचारलं, बटण कोण दाबणार. मला उत्तर येईना. तुम्ही द्या."

"हा काय तमाशा आहे?" शिरीषदादा बॅग खाली ठेवत म्हणाले. "खाली टॅक्सी उभी आहे."

"उभी राहू द्या, दादा. विमानाला अवकाश हाय."

आजी पुढे झाल्या. "अगं बाई, पोरगी चांगली खेळत होती तिकडे. तिला रडवायला आणलंस का इथे?"

"हो, रडवायलाच आणलं. आईसमोर रडू द्या एकदाचं. माघारी किती दिस रडंल, ते कुणाला दिसणार?"

या सगळ्यात शालू एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तिने आईचा हात ओढला. "आई, कुठे चाललीस?"

वहिनी गुडघ्यांवर बसल्या. "ऑफिसला, शालू. पण हे ऑफिस खूप लांब आहे. विमानाने जावं लागतं."

"संध्याकाळी येणार?"

वहिनींचे ओठ हलले आणि मला स्पष्ट दिसलं की त्या हो म्हणणार. त्यांच्या जागी कुणीही हो म्हटलं असतं.

"वहिनी," मी म्हटलं. एवढंच.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, आता एक थोबाडीत बसते. मग त्या शालूकडे वळल्या. "नाही. संध्याकाळी नाही येणार. उद्याही नाही. आंबे येतात ना आपल्याकडे, तेव्हा येणार."

शालूला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने आजींच्या हातातली वाटी अशी उडवली की दही भिंतीवर, दारावर, आईच्या बुटांवर.

"मी दही नाही घालणार! बटण नाही दाबणार! मग तू जाऊच शकत नाहीस! तूच सांगितलंस!"

हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही. वहिनींच्या त्या गोड युक्तीत एक खोटं लपलेलं होतं आणि पोरीने ते गेलं वर्षभर खरं मानलं होतं. तिला वाटत होतं, आईचं जाणं तिच्या हातात आहे.

"बघितलंस?" आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या. "आता निस्तर."

पण निस्तरलं वहिनींनी. त्यांनी शालूचे दोन्ही दंड धरले. पोरगी लाथा मारत होती, तरी त्यांनी सोडलं नाही.

"शालू, ते मी खोटं सांगितलं होतं. तू दही घातलं नाहीस तरी आईला जावं लागतं. तू रागावलीस तरी जावं लागतं. माझं चुकलं. पण आंब्याचं खरं आहे. आंब्याचं अगदी खरं आहे."

मग त्या उठल्या, आणि लिफ्टचं बटण त्यांनी स्वतःच दाबलं. शालू जमिनीवर आडवी पडून किंचाळत होती. "येते गं," असं काहीतरी वहिनी पुटपुटल्या. बुटांवरचं दही तसंच घेऊन त्या आत शिरल्या, मागोमाग बॅग उचलून शिरीषदादा, आणि दार लागलं.

मी शालूला उचलून गॅलरीत पळाले. ती माझे केस ओढत होती. मी तिला कठड्यावरून खाली दाखवलं. "बघ. आई टॅक्सीत बसतीय. ते बघ, वर बघून हात केला. आता टॅक्सी वळली. बघ, त्या दुकानापास्नं गेली. गेली." शालूने माझ्या खांद्याला कडकडून चावा घेतला, पण टॅक्सी दिसेनाशी होईपर्यंत तिने मान दुसरीकडे वळवली नाही.

दुपारी ती माझ्या मांडीवर हुंदके देत झोपली. आजी भिंतीवरचं दही ओल्या फडक्याने पुसत होत्या. मला पुसू दिलं नाही.

"समाधान झालं तुझं?" पाठमोऱ्याच म्हणाल्या. "अंग बघ कसं गरम लागतंय तिचं. चार दिवसांत विसरली असती पोर."

"विसरत न्हाईत, आजी."

"तीन वाढवलीत मी. तू मला शिकवू नकोस. तुला काय माहीत, एवढ्याशा पोराच्या काय ध्यानात राहतं?"

"मला न्हाई तर कुणाला माहीत असणार?" मी म्हणाले. तोवर ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. "माझे माय-बाप ऊसतोडीला जायचे. दरसाल दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा आन् वस्ती रिकामी व्हायची. मी आजीपाशी राह्यचे. शालूएवढीच होते. माय पहाटं उठून जायची, मी झोपेत असताना. स्वतःचं लुगडं माझ्या कुशीत कोंबून जायची, म्हणजे मला वाटावं माय हाय. सकाळी उठले की नुसतं लुगडं. आजी म्हणायची, उद्या येती. रोज म्हणायची, उद्या येती."

आजींचं फडकं थांबलं. "मग? आली नाही का?"

"न येऊन कसं? दरसाल गुढीपाडव्याला यायची. माझ्यासाठी बांगड्या आणायची, लाडानं जवळ घ्यायची. माझी माय लई चांगली होती. पण ती घरी असली की मी झोपायचेच न्हाई. तिच्या पदराला माझ्या परकराची गाठ मारून पडायचे. ती उठली की मी फरफटत जायचे. सगळी वस्ती हसायची. माय पण हसायची." माझा आवाज चढला होता, मांडीवर शालू चुळबुळली. "मी तिला जाताना कधी बघितलंच न्हाई, आजी. म्हणून ती आलेली मला कधी खरी वाटली न्हाई. ती जाऊन आता कैक वर्षं झाली, अजून पहाटं जाग येती तर हात आधी लुगडं चाचपतो."

आजी फडकं पिळून आत निघून गेल्या. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही, कारण संध्याकाळी त्या जे बोलल्या ते तुम्हाला सांगणारच आहे. पण भिंतीचा उरलेला कोपरा त्यांनी तसाच सोडला होता.

शालू उठली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तिने आई कुठे आहे हे विचारलं नाही.

"मावशी, आंबे कधी येतात?"

"थंडी जाती, मग ऊन वाढतं, मग रसवंत्या सुरू होतात, मग येतात."

"आत्ता थंडी आहे?"

"हाय."

तिने मान हलवली आणि दूध मागितलं.

आंबे आल्यावर वहिनी खरंच सुट्टीवर आल्या. शालू सकाळपासून लिफ्टपाशी स्टूल टाकून बसली होती, हे मला त्या इमारतीच्या वॉचमनच्या बायकोने सांगितलं. पुढच्या वर्षी त्या शालूला घेऊन गेल्या. आज माझं स्वतःचं पाळणाघर आहे. तिथे आईबापांसाठी एकच नियम आहे: लेकराला सांगून जायचं. कुणी आई चपला हातात घेऊन सटकायला लागली तर मी तिला फाटकातून हाक मारून परत बोलावते. चार लोकांसमोर बोलावते. काहींना त्याच्या मिरच्या झोंबल्या आणि त्यांनी लेकरं काढून नेली. नेऊ द्या.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी शिरीषदादा विमानतळावरून, मग ऑफिसातून घरी आले. त्यांनी मला दारापाशी बोलावलं. ते चिडलेले नव्हते, थकलेले होते.

"कलाताई, उद्यापासून येऊ नका. तुमचं चूक की बरोबर, या वादात मला पडायचं नाही. पण घरात एक गोष्ट ठरली की ती पाळणारं माणूस मला हवं. बायको तिकडे, मी ऑफिसात. मला तुमच्यावर भरवसा ठेवता आला पाहिजे."

माणूस खोटं बोलत नव्हता. "तुमचं खरं हाय, दादा," मी म्हणाले. "तसं माणूस मी न्हाई. पोरीला खोटं सांगायची येळ आली तर मी उद्याबी असंच करीन."

मी पिशवी उचलली. तेवढ्यात आजी लगबगीने आल्या आणि माझ्या कानाशी कुजबुजल्या, "ती आत टीव्हीसमोर दूध पितेय, तोवर नीघ. आज दुसऱ्यांदा रडणं नको गं घरात. चपला हातात घे, आवाज होईल."

त्यांनी माझ्या चपला उचलून माझ्या हातात दिल्यासुद्धा. मी त्या चपलांकडे बघितलं. अशाच चपला हातात देऊन मी किती आयांना दाराबाहेर काढलं होतं. मी त्या जमिनीवर आपटल्या, चांगला आवाज होईल अशा, आणि पायात सरकवल्या.

"शालू!" मी हाक मारली. "इकडं ये. मी निघालीय."

आजींनी कपाळाला हात लावला. शालू दुधाच्या मिशा घेऊन धावत आली. मी तिच्यासमोर उकिडवी बसले.

"शालू, मी उद्यापासून यायची न्हाई."

"का?"

"घरातल्यांनी सांगितलं होतं ते मी ऐकलं न्हाई. म्हणून."

"मग आंब्याला येशील?"

"न्हाई. आंब्याला आई येणार. मी न्हाई."

तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. मला वाटलं, आता ही आडवी पडते. पण ती वळली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला, काहीतरी सांडल्याचाही आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात चमचा होता, त्यातलं अर्धं दही फ्रॉकवर ओघळलं होतं. तिने माझा हात धरला, उताणा केला आणि उरलेलं दही माझ्या तळहातावर घातलं.

"आता येते म्हण," ती म्हणाली.

"म्हण गं बाई," आजी घाईने म्हणाल्या. "शब्दच तो. म्हणायला काय जातंय?"

माझं काहीच जात नव्हतं. सगळं जग असंच म्हणून उंबरा ओलांडतं, मीही जन्मभर म्हणत आलेली. पण ती पोरगी माझ्या डोळ्यांत बघत होती आणि माझ्या हातावरचं दही थंडगार लागत होतं. ते मी खाल्लं. हात पदराला पुसला.

"जाते, शालू," मी म्हणाले.

"शिव शिव!" आजी मागे सरकल्या. शिरीषदादांनी मान फिरवली.

शालूने माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग ती अनवाणीच माझ्यापुढे निघाली, लिफ्टपाशी जाऊन टाचा उंचावून उभी राहिली आणि तिने बटण दाबलं.